नाना आणि तेरा वेग

जासईत नानांना "बरं आहे ना?" असं सहसा कोणी विचारत नाही. विचारणाऱ्याची उरण लोकल हमखास चुकते. "वात ठीक, पित्त जरा वर, कफाचं आज सांगता येत नाही," अशी सुरुवात होते आणि मग हवामान खात्याच्या अंदाजासारखं पुढच्या चार दिवसांचंही ऐकावं लागतं.

नाना वैद्य नाहीत. बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झाले आणि चरकसंहितेच्या मराठी भाषांतराला लागले. त्यांच्या मते या मुलखाला वैद्यक नवीन नाही. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला तो शेजारच्या पनवेलातच. तेव्हा काढ्याचा वास इथल्या माणसाच्या नाकात जन्मापासूनच असतो, असा नानांचा सिद्धांत.

आयुर्वेद म्हणतो, तिन्ही दोष प्रत्येकात असतात, प्रमाण तेवढं वेगळं. नानांना इतका वेळ नसतो. रिक्षावाला वाताचा, कारण त्याचा हात हॉर्नवरून निघत नाही. तलाठी कफाचा, खुर्चीतून उठत नाही. नानी पित्ताची. कारण विचारायची कोणाची छाती नाही.

मासळी आणि दूध एकत्र घेऊ नये, हे चरकानं विरुद्ध आहारात सांगितलंय. म्हणून बोंबलाचं कालवण असलं की नानांच्या घरी चहा कोरा. जवळ्याच्या चटणीला मात्र सूट. "सुकवलं की ती मासळी राहत नाही," असा निवाडा. नानी म्हणाली, "मग चहातच घालते."

पण नानांचा लाडका अध्याय सूत्रस्थानातला सातवा. मूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू असे एकूण तेरा वेग दाबून ठेवू नयेत, दाबले की रोग होतात, असं तिथे सांगितलंय. हे नाना अक्षरशः पाळतात. ग्रामसभेत सरपंचांच्या भाषणात दिलखुलास जांभई, मंगलाष्टकांच्या "सावधान"वर शिंक. एकदा पनवेलची बस कंटेनरच्या रांगेत अडकली. नाना उठले.

"ड्रायव्हर, गाडी थांबव."

"नाना, तासभर थांबलेलीच आहे."

"मग दार उघड. वेग आलाय."

नाना खाली उतरले आणि तासभर न हललेली रांग नेमकी हलली. उरलेला रस्ता नाना चालत आले. संध्याकाळी पारावर त्यांनी व्यायामाचे फायदे सांगितले.

या नानांचा सख्ख्या भावाशी संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून दावा चालू आहे. ज्या हक्कासाठी जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे हा सगळा परिसर रस्त्यावर उतरला, पाच जण हुतात्मे झाले, त्या हक्काची वाटणी आता घरोघर कोर्टात चालते. तारखेच्या आदल्या रात्री नाना भावाच्या दारासमोर उभे राहून जे बोलतात, ते ऐकायला वरच्या आळीहून माणसं येतात.

त्या भावाची मुलगी बीएएमएसला आहे. दोन घरांत तिच्यापुरतं येणंजाणं उरलंय. एकदा ती म्हणाली, "काका, त्याच अध्यायात पुढे वाचलंत का? लोभ, क्रोध, ईर्ष्या, मान हे मनाचे वेग दाबायलाच सांगितलेत. कठोर बोलणं, चहाडी, खोटं आणि अवेळी बोलणंसुद्धा. आमच्या सरांनी पहिल्यांदा हेच शिकवलं. शरीर आणि मन वेगळं काढलं तर आयुर्वेदात काढेच उरतात."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, पान वाचलं. मग पुस्तक मिटून म्हणाले, "ते पित्ताच्या माणसांसाठी आहे, बाला. माझी प्रकृती वाताची."

शरीराचे वेग सोडा आणि मनाचे आवरा, असं चरकानं सांगितलं. नानांनी दोन्ही सोडले. तरीही अख्ख्या जासईत आयुर्वेद त्यांच्याइतका कुणी वाचलेला नाही, हे त्यांचा भाऊही मान्य करतो.