लुगड्याची राखण

मराठी घरात हाताने विणलेले किंवा शिवलेले कापड टाकून देत नाहीत. त्याची पदावनती करतात. नऊवार लुगडे आधी सणावाराचे, मग रोजच्या नेसणीचे. मध्यभागी विरले की विरलेला भाग काढून दांड भरतात. पुढे त्याची दुपटी होतात, मग ते गोधडीच्या पोटात जाते आणि अखेर पोतेरे होऊन चुलीशी बसते. या उतरंडीत नेमक्या कोणत्या पायरीवर आडवे यायचे, हे ओळखणे म्हणजे जुन्या कापडाच्या उद्धाराचे शास्त्र. पोतेऱ्याच्या पायरीवर उगवणाऱ्या शास्त्रज्ञाला उशीर झालेला असतो.

नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर या शास्त्राला फार सोयीचे दिसते. तिथे शनिदेव चौथऱ्यावर उघड्यावर उभे, डोक्यावर छप्पर नाही. आणि त्यांच्या भरवशावर गावातल्या घरांना चौकट असते, कवाड नसते. कुत्री शिरू नयेत म्हणून फळी टेकवली किंवा पडदा सोडला की बंदोबस्त पुरा. 2011 मध्ये युको बँकेनेही तिथे बिनकुलपाची शाखा काढली. अशा गावात आजीची पैठणी तरी सुखरूप राहील, असे कोणालाही वाटेल. पण चोराला धडा शिकवणारा देव भांडीवालीच्या वाटेला जात नाही. ती चोरी करतच नाही. ती सौदा करते, आणि तोही घरातल्यांच्या संमतीने, भर दुपारी, ओट्यावर बसून.

भांडीवाली, म्हणजे पुस्तकी भाषेतली बोहारीण, जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देते. तिची पारख कोणत्याही संग्रहालयाच्या अभिरक्षकाने शिकण्यासारखी असते. कापड उजेडासमोर धरायचे, घडीवर बोट फिरवायचे, नाक मुरडायचे. तीन लुगडी आणि दोन विजारींवर ती एक पातेले काढते. घरधनीण झाकण मागते. भांडीवाली अजून एक साडी मागते. झाकणापायी गेलेल्या साड्यांची गणती कोणी ठेवलेली नाही. गोधडीला मात्र ती हात लावत नाही. त्यामुळे गोधडी घरातच वाचते आणि ट्रॅक्टरच्या सीटवर सापडते.

जरीचे जुने कापड घेणारा फेरीवाला याहून घातक. खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो. असले वस्त्र जाळले की रेशमाची राख होते आणि चांदी हाती लागते. पैठणीच्या पदरावरचे मोर दोन्ही बाजूंनी सारखे दिसावेत म्हणून विणकराने महिनोन्‌महिने डोळे फोडलेले असतात. भट्टीला दोन्ही बाजू सारख्याच.

यातून निसटलेले कापड जुन्या बाजारात येते. पुण्यात तो बुधवारी आणि रविवारी भरतो. बाजारात शिरणाऱ्याने चेहरा उदास ठेवावा. डोळे चमकले की भाव चढतो. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, 1920च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते आणि वस्त्रे अशा घरगुती चिजा जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले. इतरांच्या संग्रहाला घरचे लोक ‘बोचकी’ म्हणतात.

बोचके घरी आले की पहिला विधी वास घालवण्याचा. सुती गोधडी आधी सावलीत झटकावी, मग रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवावी. पहिले पाणी चहासारखे निघते, दुसरे काढ्यासारखे. पिळू नये, ओली गोधडी बाजेवर आडवी पसरावी. दोरीवर टांगली तर तिच्याच वजनाने टाके तुटतात. जरीच्या वस्त्राला पाणी दाखवूच नये, आणि काळी पडलेली जर चिंचेने घासण्याचा मोह देवघरातल्या तांब्यापुरता ठेवावा. रेशीम घडीवर चिरते, म्हणून ते मलमलीत गुंडाळून नळीवर ठेवतात. घोंगडी धुतली तर तिची चिंचोक्याची खळ निघून जाते आणि मालकाकडे एक ओले मेंढरू उरते.

ठिगळ नेहमी जुन्याच कापडाचे लावतात. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि भोवतालचे विरलेले कापड फाडते. साहजिकच एक गोधडी वाचवायला दुसरे लुगडे फाडावे लागते आणि उद्धारक पुन्हा बाजारात जातो. धावदोरा सरळ घालू नये. मूळ बाईचा हात जिथे वाकडा गेला तिथे आपलाही वाकडा न्यावा. हे सर्वांत अवघड, कारण तिचा वाकडेपणा एका लयीत असतो. काम संपल्यावर घरची वडीलधारी बाई ते पाहते आणि विचारते, ‘या चिंध्यांना पैसे दिलेस?’

धातूपुढे धाग्याची हार हा या व्यवहारातला नेम. त्याला ठळक अपवाद शिंगणापूरच्याच तालुक्यात आहे. नेवासे येथे 1954 ते 1956 या काळात पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली आणि मण्यांच्या आत ओवलेला दोरा शिल्लक होता. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस आढळला. तांब्याच्या गंजाने कुजवणाऱ्या जंतूंना जवळ येऊ दिले नव्हते. त्या दोऱ्याची लांबी गोधडीच्या एका टाक्यालाही पुरणार नाही, आणि झाकण तर सोडाच, कोणतीही भांडीवाली त्यावर चमचासुद्धा देणार नाही.