चाहता भत्ता

जिंतूर तालुक्यात पूर्णेवरच्या येलदरी धरणाकाठी गळ टाकून सुट्टी काढणाऱ्या जोडप्यातला नवरा हॉकीचा पक्का चाहता असेल, तर त्याला शासनाने भत्ता सुरू करावा. १९८० साली मॉस्कोत सुवर्ण मिळालं, त्यानंतरचं ऑलिंपिक पदक २०२१ साली टोकियोत, तेही कांस्य. मधली ४१ वर्षं ज्याने कुरकुर न करता काढली, त्याला कणकेची गोळी लावलेल्या गळाकडे परभणीच्या उन्हात चार तास बघणं म्हणजे निव्वळ विश्रांती. कुणी म्हणेल, या गृहस्थांनी त्या काळात एकही सामना पाहिलेला नाही. आक्षेप उथळ आहे. पाण्यातला मासा तरी कुठे दिसतो? सामने बघून प्रेम क्रिकेटवालेही करतात. न बघता ‘आपला राष्ट्रीय खेळ’ म्हणून ऊर भरून यायला साधना लागते. (तसं अधिकृतपणे कुणी जाहीर केलेलं नाही, ही बारीकशी तांत्रिक बाब.) बायकोची हेळसांड होते, हाही आरोप टिकत नाही. ती शेजारीच सतरंजीवर असते, गळाला गोळी लावते, दोरी सांभाळते आणि दुपारी दोन किलोचा रोहू ओढून काढते. पाचव्या मिनिटाला नवऱ्याच्या स्टेटसवर माशासह त्याचा फोटो झळकतो : ‘आपण जिंकलो!’