बीड रोडला फाटक नव्हतं

खापरखेड्यात विमानतळ नाही, पण विमान अपघातांचे तज्ज्ञ टपरीटपरीवर आहेत. १२ जून २०२५ला अहमदाबादेत एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. वीज केंद्राची शिफ्ट सुटेपर्यंत इकडे निकालही लागला होता : "पायलटचीच गलती असन, भाऊ." ब्लॅक बॉक्स तेव्हा ढिगाऱ्यातच होता.

जुलैत प्राथमिक अहवाल आला. उड्डाण होताच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच सेकंदाच्या अंतरानं बंद झाले. एकानं विचारलं, का बंद केलंस? दुसरा म्हणाला, मी नाही केलं. कुणी केलं, हे अहवाल सांगत नाही. टपरीला विचारा.

त्यापेक्षा चौकशी पुरी झालेलं प्रकरण घेऊ, तेही महाराष्ट्रातलं. २६ एप्रिल १९९३, औरंगाबाद. इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७, आत ११८ माणसं. धावपट्टी संपते तिथून सव्वाशे मीटरवर बीड रोड आणि त्यावरून कापसाच्या गाठी लादलेला ट्रक आरामात चाललेला. विमानानं नाक उचलायला उशीर केला, चाकं ट्रकला लागली. तिथून तीनेक किलोमीटरवर हायटेन्शनच्या तारा, मग जमीन. ५५ जण गेले, ६३ वाचले.

चौकशीत दोन कारणं निघाली. वैमानिकानं नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, हे एक. विमानाच्या वेळेला बीड रोडवरची वाहतूक विमानतळ प्राधिकरणानं रोखली नाही, हे दुसरं. पहिलं आपल्याला तोंडपाठ. दुसऱ्यासाठी लागला असता एक बांबू, एक शिट्टी आणि एक चौकीदार. कोळशाची मालगाडी यायची तर फाटक पडतं, लोक शिव्या देत का होईना, थांबतात. बोईंगला तेवढाही मान नव्हता.

विजेच्या लाइनवर काम केलेल्यांना यात नवल वाटायचं नाही. खांबावर माणूस चिकटला की पहिला प्रश्न ठरलेला : हातमोजे घातले होते का? परमिट कुणी दिलं, लाइन कुणी चार्ज केली, हे सावकाश, फायलीत. तोवर खापर फोडून झालेलं असतं, आणि ज्याच्या डोक्यावर फोडलं तो काही उलटून बोलत नाही.

बरं, वैमानिक इतके चुकतात, तर त्यांना झोपू तरी द्या! तसा नियम झालाही : आठवड्याची विश्रांती ३६ऐवजी ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. नियमाला पुरतील एवढे वैमानिक इंडिगोनं ठेवलेच नव्हते. डिसेंबर २०२५मध्ये हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, आणि लोक भडकले ते आपल्या हुकलेल्या लग्नांसाठी. सरकारनं चटकन तोडगा काढला. इंडिगोला रात्रपाळीच्या नियमातून १० फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली. वऱ्हाडी मांडवात पोचले, झोपेचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले.