उतारावरच्या पाण्यास जाहीर पत्र

प्रति,
पावसाचे पाणी,
मुक्काम सेमिनरी हिल्स, नागपूर

विषय: सायकलींच्या पायवाटेवर बिनबोलावता होणाऱ्या श्रमदानाबाबत

डोंगरी सायकलची वाट दोघे मोडतात: ओल्या मातीत फिरवलेले चाक आणि उतारावरून धावणारे पाणी. चाक चाकोरी पाडते, पाणी ती हेरते आणि चार सरींत तिची घळ करून दाखवते. पावसाळाभर पाण्याची हजेरी चोख असते. त्यासाठी ग्रुपवर निरोप लागत नाही, टी-शर्ट लागत नाहीत, शेवटी तर्री-पोहेही लागत नाहीत. माणसांच्या श्रमदानाचे यातल्या एकावाचूनही भागत नाही.

नागपुरातल्या जरीपटका वस्तीचे नाव मराठ्यांच्या निशाणाचे. वस्ती मात्र सपाट. चढ म्हणावा तर कामठी रोडचा उड्डाणपूल. त्यामुळे इथे डोंगरी सायकल घेतलेल्याला टेकडी गाठावीच लागते आणि टेकडीसोबत तिची डागडुजीही पदरात पडते. (स्वयंसेवक हा शब्द नागपुरात आधीच दुसरीकडे कामाला असल्याने येथे श्रमदानी म्हटले आहे.)

डागडुजीचे गणित पाण्याच्या स्वभावावर बेतलेले असते. वाट उताराला आडवी काढावी. तिचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, सरासरी १० टक्क्यांच्या आत असावा. बाहेरची कड ५ टक्के खाली ठेवली की पाणी वाटेवरून धावत न सुटता आडवे ओलांडून जाते. अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय डोंगरी सायकल संघटनेने हे ठोकताळे जगभर रुजवले. समतल चर खोदलेल्या वऱ्हाडी माणसाला ते नवे नाहीत. फरक इतकाच, की शिवारात पाणी अडवायचे आणि जिरवायचे असते, वाटेवरून मात्र लवकरात लवकर हाकलायचे.

प्रत्यक्ष काम अगदीच बिनदिमाखाचे. चाकांनी दाबलेली माती बाहेरच्या कडेला वरंब्यासारखी साचते आणि पाण्याला कोंडते. श्रमदानी सब्बलीने तो वरंबा सैल करतो, फावड्याने ओढतो, दोन हात रुंद खाच पाडून टाचेने दाबतो. खोलगट जागेतला गाळ आणि कुजलेला पाला घमेल्याने उचलतो. वाटेत घुसलेली रायमुनिया (घाणेरी) वरवर छाटली तर पुन्हा फुटते. मूळच काढावे लागते. फोटोत यातले काहीही धड दिसत नाही, हेच श्रमदान्यांची संख्या रोडावण्याचे मोठे कारण.

काळी माती भिजली की फुगते आणि चाकाला लाडवासारखी चिकटते. अशा दिवशी सायकल घरी ठेवणे हेही श्रमदानच, आणि ते फारसे कोणी करत नाही.

राखीव जंगलात परवानगीविना जमीन उकरणे किंवा झाडोरा तोडणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा ठरतो. म्हणून फावड्याआधी अर्ज जातो. पाण्याला हे कलम लागू नाही. तरी त्याने यापुढे खाचेतूनच उतरावे, ही विनंती.

प्रत माहितीस्तव: काळी माती, जागच्या जागी.