एक डॉलरची चिप आठ डॉलरला कशी घ्यावी

लास व्हेगासच्या बंद पडलेल्या कॅसिनोची एक डॉलरची चिप ईबेच्या ऑनलाइन लिलावात विकत घेणे हे जबाबदारीचे काम आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी यात पडू नये. त्यांच्यासाठी शंभराच्या काळ्या चिप्स आहेत.

आधी माल समजून घ्या. लास व्हेगासच्या नेवाडा राज्यात कॅसिनो बंद झाला की लोकांकडच्या चिप्सचे पैसे ठरावीक मुदतीत चुकते करायचे आणि जमा झालेल्या चिप्स नष्ट करायच्या, असा नियम आहे. तेव्हा बाजारात येतो तो निव्वळ गिऱ्हाइकांचा विसराळूपणा. १९५८ साली उघडलेला स्टारडस्ट कॅसिनो नोव्हेंबर २००६ मध्ये बंद झाला आणि पुढच्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडला. सँड्स त्याआधीच, १९९६ मध्ये गेला. तिथली पाच डॉलरची लाल चिप खिशात विसरून जो इसम घरी गेला, तो या छंदाचा मूळपुरुष. कॅसिनोचाही त्याच्यावर जीव होता, कारण चिप परत आली नाही की तिचे पैसे गल्ल्यातच राहतात. म्हणून तर कॅसिनोवाले मुष्टियोद्ध्यांची, नव्या वर्षाची चित्रे छापून ‘मर्यादित आवृत्ती’ काढतात आणि ती परत येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात.

विक्रेत्याने वर्णनात ‘दुर्मीळ’ हा शब्द घालायलाच हवा. त्याच्याकडे तशाच चिप्स चाळीस असतील तर एकेक करून विकाव्यात, म्हणजे चाळीसही दुर्मीळ राहतात. कडा झिजली असेल तर ‘प्रत्यक्ष टेबलावर खेळलेली’ असे लिहावे. कॅसिनोने चिप रद्द करताना भोक पाडले असेल तर ते ‘अधिकृत’ आहे. लिलाव रविवारी संध्याकाळी संपवावा; त्या वेळी माणूस सोमवारच्या विचाराने खचलेला असतो आणि कशालाही हात घालतो.

आता खरेदीदार. मनातला सर्वात मोठा आकडा ईबेला आधीच सांगून ठेवता येतो. मग यंत्रच तुमच्या वतीने गरजेपुरती बोली वाढवते, एक डॉलरच्या वर पाव-पाव डॉलरने, पाचाच्या वर अर्ध्या-अर्ध्याने. ही पद्धत इतकी शहाणपणाची आहे की मानी माणूस तिच्या वाटेला जात नाही. तो शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत श्वास रोखून बसतो. दुसरीकडे तसाच दुसरा मानी बसलेला असतो. दोघांच्या अब्रूचा प्रश्न होऊन एक डॉलरची चिप चारावर जाते. जिंकणाऱ्याने त्यानंतरच टपालखर्च वाचावा: आणखी चार डॉलर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. यावर उपाय म्हणून जाणकार त्याच विक्रेत्याकडून आणखी सहा चिप्स घेतात, टपाल वाचावे म्हणून. असे वाचवून वाचवून काहींची कपाटे भरली आहेत.

पाकीट आले की अभिप्राय द्यावा. २००८ पासून विक्रेत्याला ग्राहकाबद्दल वाईट लिहिता येत नाही, त्यामुळे तो तुम्हाला सज्जन म्हणणारच. तुम्हीही त्याला उत्कृष्ट, तत्पर, विश्वासू म्हणा, आणि मग पाकीट उघडा.