बताका टाका, दंड पाहा

प्रति,
मा. दंडदर्शक पान महोदय,
गृहमंत्रालय, कुवेत.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे फार दिवस राहून गेले आहेत. पोटासाठी कुवेतला गेलेला माणूस, मग तो रत्नागिरीचा असो, म्हापशाचा असो की मलप्पुरमचा, आपल्या नावावर सरकारदरबारी काय थकले आहे हे कळावे म्हणून पूर्वी मंदूबच्या मागे फिरत असे. कंपनीची सरकारी कामे करणारा हा मंदूब लहर लागली तर सांगे, नाही तर उद्या ये म्हणे. आपण ही लाचारी संपवली. आपल्या ऑनलाइन पानावर बताक्यावरचा, म्हणजे नागरी ओळखपत्रावरचा, बारा आकडी क्रमांक टाकायचा की हिशेब समोर हजर. क्रमांकाची रचनाही किती आपुलकीची! पहिला आकडा शतकाचा, पुढचे सहा जन्मतारखेचे, वर्ष आधी आणि दिवस शेवटी. परदेशात माणसाची जन्मतारीख इतकी काटेकोर लक्षात ठेवणारे आपल्याशिवाय दुसरे कोण आहे? पुढे वाहतुकीच्या मुखालफांची, म्हणजे नियमभंगाच्या नोंदींची, वर्गवारी: पोलिसाने समक्ष केलेल्या वेगळ्या, चालकाच्या गैरहजेरीत किंवा कॅमेऱ्यातून झालेल्या वेगळ्या, इथेच के-नेटने, म्हणजे बँक कार्डाने, भरता येतील अशा वेगळ्या, आणि वाहतूक खात्यात जाऊन तोंड दाखवल्याशिवाय मिटणार नाहीत अशा वेगळ्या. इतकी टापटीप आमच्याकडच्या सात-बारा उताऱ्यावरही सापडायची नाही.

टीका करण्याआधी आपले जे बरोबर आहे ते मान्य करतो. १९७६ च्या वाहतूक कायद्यातले जुने दंड २२ एप्रिल २०२५ पासून बदलले, हे फार आधीच व्हायला हवे होते. गाडी चालवताना फोन हातात धरल्याचे ५ दिनार पडत, त्याचे ७५ झाले. सिग्नल तोडण्याचे ५० होते ते १५०, पट्टा न बांधण्याचे १० होते ते ३०. अपंगांसाठी राखलेल्या जागेत गाडी घालणाऱ्याची १० दिनारांत सुटका होई, तिथे आता १५० मोजावे लागतात. पाच दिनारांत लोक जणू फोनवर बोलण्याचा परवानाच काढत होते. फहाहीलच्या महामार्गावर रात्री ज्या वेगाने गाड्या जातात तो पाहिलेला कोणीही या वाढीविरुद्ध ब्र काढणार नाही. एक बारीकशी नोंद मात्र करून ठेवतो. खासगी क्षेत्रातले किमान वेतन २०१७ पासून महिना ७५ दिनार आहे आणि घरकामगारांचे ६०. घरातला ड्रायव्हर या दुसऱ्या वर्गात मोडतो. म्हणजे वीस नंबरच्या, घरकामगारांच्या, व्हिसावरच्या ड्रायव्हरने एकदा फोन उचलला, तर किमान वेतनाच्या हिशेबाने महिन्याचा अख्खा पगार आपल्याला अर्पण करून वर १५ दिनार उसने आणायचे. फोन बहुधा घरच्या मॅडमचाच असतो, मुलांना शाळेतून घेतले का विचारायला; पण पलीकडे कोण बोलत होते ते कॅमेऱ्याला दिसत नाही. फिनलंडमध्ये वेगाचा मोठा दंड माणसाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात लागतो, तसे काही आपणही करावे असे सुचवता येईल. पण मी हा मुद्दा ताणत नाही. स्टिअरिंग चालकाच्या हातात होते, पाय त्याचाच होता, लाल दिवा सर्वांना सारखाच लाल दिसतो. दंड जड आहे, पण ज्याने केले त्याच्याच नावावर आहे.

माझी हरकत दुसऱ्या खिडकीबद्दल आहे. त्याच बारा आकड्यांनी उघडणारी, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, दंडाची. कंपनीच्या कामगाराच्या या परवान्याची मुदत टळली की पहिला महिना रोज २ दिनार, त्यापुढे रोज ४, आणि कमाल १,२००. हे दर ५ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या परकीयांच्या निवासाच्या नव्या कायद्याबरोबर आले. त्याआधीचा कायदा होता १९५९ चा. आता हा इकामा पुढे वाढवतो कोण? अठरा नंबरच्या, म्हणजे खासगी कंपनीच्या, व्हिसावरच्या कामगाराने कितीही ठरवले तरी तो एकट्याने इकामा वाढवू शकत नाही. कंपनीने आधी मनुष्यबळ प्राधिकरणाकडून त्याचे वर्क परमिट वाढवून घ्यायचे, मगच इकाम्याची पाळी. कामगाराकडून पाहिजे ते इतकेच, की पासपोर्टची मुदत शिल्लक असावी आणि तोंड बंद असावे. कंपनीने दोन महिने दिरंगाई केली तर त्याच्या नावावर १८० दिनार चढतात, किमान वेतनावरच्या माणसाचे जवळजवळ अडीच महिन्यांचे पगार. २०१९ पर्यंत इकाम्याचा स्टिकर निदान पासपोर्टवर असे. आता तोही गेला, तारीख बताक्यावर आणि फोनमधल्या ॲपमध्ये. म्हणजे कामगाराला आपली मुदत संपताना पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसते. ती संपू न देण्याचा अधिकार होता तिथेच राहिला.

हीच माझी तक्रार आहे, महोदय. वाहतुकीचा दंड माणसाच्या कृतीला लागतो. इकाम्याचा दंड एका तारखेला लागतो आणि ती तारीख दुसऱ्याच कोणाच्या टेबलावर धूळ खात पडलेली असते. आपण मात्र दोन्ही एकाच किल्लीने उघडता, एकाच तऱ्हेच्या आकड्यात दाखवता आणि एकाच माणसाला भरायला सांगता. सिग्नल तोडणारा आणि मालकाने ज्याचा अर्ज केलाच नाही तो, दोघे आपल्या दरबारात सारखेच मुखालफावाले. आकडा फिल्सपर्यंत अचूक असतो. उशीर कोणी केला याला मात्र त्यात रकाना नाही.

यावर आपल्या बाजूने पहिले उत्तर येईल ते कायद्याचे. नव्या कायद्याने इकाम्याचा व्यापार हा गुन्हा ठरवला आहे, पैसे घेऊन व्हिसा विकणाऱ्याला ३ ते ५ वर्षांची कैद आणि ५ ते १० हजार दिनार दंड सांगितला आहे, मालकाला मोकळे सोडलेले नाही. खरे आहे, आणि हे कलम घालणाऱ्यांचे मनापासून अभिनंदन. पण याच कलमातून एक कबुलीही निघते: इकामा ही कोणीतरी विकू शकेल अशी चीज आहे, म्हणजे तिची मालकी कामगाराकडे नाही. शिवाय मालकाने नियम मोडला की प्राधिकरण त्याची फाइल बंद करते, हीही शिक्षा आहेच. फाइल बंद झाली की नवे व्हिसा थांबतात, आणि जुन्या कामगारांची परमिटे वाढवणेही अडू शकते. मालकाचा गुन्हा, त्याला शिक्षा म्हणून फाइल बंद, आणि बंद फाइलमुळे रोजचे दिनार कामगाराच्या बताक्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आमच्याकडे आहे. आपण तीत सुधारणा करून चोराच्या फाशीचा दोरही संन्याशाकडूनच वसूल करता.

दुसरे म्हणणे असे की आपले पान आहेच मुळी यासाठी: कामगाराने वेळच्या वेळी पाहावे, तारीख जवळ आली की मालकाला आठवण करावी, ऐकले नाही तर प्राधिकरणाकडे तक्रार करावी. कागदावर हा सल्ला बिनतोड आहे. पण ज्या माणसाची नोकरी, खोली आणि देशात राहण्याचा हक्क हे तिन्ही एकाच सहीवर उभे आहेत, त्याने त्या सहीवाल्याविरुद्ध तक्रार करायची म्हणजे काय, हे जलीबच्या कामगारवस्तीतल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारावे. कामगार गैरहजर आहे, पळून गेला आहे, असे मालकाने कळवले की ‘केस पडली’ म्हणतात, आणि मग खुलासा करत फिरायचे कामगाराने. पाहणे आणि करता येणे यांत जे अंतर आहे ते आपल्या पानाच्या वेगाने कमी होत नाही. उलट पूर्वी मंदूब सांगेल तेव्हा कळणारी चिंता आता दर रात्री फोन उघडून स्वतःच मोजता येते.

थकबाकी वसूल केल्याशिवाय कोणत्या देशाने कोणाला जाऊ द्यावे, हा तिसरा सवाल. तोही रास्त आहे. ऑगस्ट २०२३ पासून परदेशी माणसाने वाहतुकीचे दंड भरल्याखेरीज देश सोडायचा नाही असा नियम झाला, पाठोपाठ वीज-पाण्याची बिलेही त्यात आली. घराचे वीजबिल बुडवून विमानात बसणाऱ्याचा कैवार मी घेणार नाही. पण १ जुलै २०२५ पासून अठरा नंबरवाल्याला देशाबाहेर पडताना मालकाची ऑनलाइन मंजुरीही लागते. ज्याच्या टेबलावर अर्ज अडल्याने दंड चढला, त्याच्याच मंजुरीची रजेवर जाताना वाट पाहायची. आणि त्या टेबलापलीकडच्या माणसाला सुट्टीला लंडनला जाण्यापूर्वी कामगारांच्या इकाम्याच्या तारखा तपासण्याची गरज पडत नाही.

हे सारे वाचून आमच्याकडचे कोणी मला विचारेल, की महाराष्ट्रात काय दिवे लावलेत? बरोबर. इथे ई-चलान फोनवर येते आणि लोक ते लोक अदालतीत तडजोड होईल म्हणून खुशाल साठवतात. विकलेल्या गाडीचे चलान जुन्या मालकाला येत राहते, तिथेही दोष आणि नाव यांची फारकत होतेच. फरक इतकाच, की चलान थकले म्हणून पुण्याच्या माणसाचे पुण्यात राहणे बेकायदा होत नाही. मुळात दोष नसताना मुदत टळू शकते हे मी नवीन सांगत नाही. भारत सरकारचा भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून आहे. तो पासपोर्ट-व्हिसाच्या कामांवर घेतलेल्या शुल्कातून उभा राहतो, आणि त्याच्या नियमांत सकृद्दर्शनी दोष नसलेल्या कामगाराचा बेकायदा वास्तव्याचा दंड भरण्याची तरतूद आहे. म्हणजे आमच्या सरकारने हा वर्ग अधिकृतपणे ओळखला आहे. आपल्या सरकारनेही ओळखला असावा, नाही तर २०१८, २०२० आणि पुन्हा मार्च ते जून २०२४ अशी इतक्या वेळा माफी जाहीर करण्याचे कारण काय? एखाद्याच्या हातून चूक झाली तर त्याला एकदा माफ करतात. दर काही वर्षांनी हजारो लोकांना माफ करावे लागते, तेव्हा चूक त्या हजारोंच्या बाहेर कुठेतरी असते.

एक हरकत मात्र मला खरोखर अडवते. कित्येक कामगारही साळसूद नसतात. पैसे मोजून आझाद व्हिसा घ्यायचा, कागदावर एका कफीलकडे, म्हणजे प्रायोजक मालकाकडे, आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच ठिकाणी काम करायचे, हा धंदा दोन हातांनी चालतो. गावात कर्ज काढून तो व्हिसा घेणाऱ्याला आपण काय विकत घेत आहोत याची कल्पना नसते, असे दर वेळी म्हणता येणार नाही. पासपोर्टची मुदत संपेपर्यंत झोपून राहणारेही आहेत. म्हणूनच मी सरसकट माफी मागत नाही. मागणी अगदी क्षुल्लक आहे: आकड्याशेजारी एक रकाना वाढवा. परमिटचा अर्ज कंपनीने कोणत्या तारखेला केला, केलाच नसेल तर तसे, फाइल बंद असेल तर कधीपासून, पासपोर्ट संपला असेल तर तेही. ही माहिती सरकारकडे आधीच आहे, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेण्याचा काय तो प्रश्न. दोष कामगाराचा दिसला तर दिनार त्याच्याकडून घ्या, मी मध्ये पडणार नाही. मालकाचा दिसला तर तेवढ्या दिवसांचा आकडा त्याच्या बारा आकड्यांखाली दाखवा आणि विमानतळावर त्यालाही के-नेटचे यंत्र पुढे करा.

तोवर आपली सेवा अशीच चोवीस तास चालू राहो. कळावे, लोभ आहेच. तो वाढावा असे लिहिण्याची रीत आहे, पण आपल्याकडे महिन्यानंतर दर दुप्पट होतो, तेव्हा आहे तितकाच राहू द्यावा.

आपला विश्वासू,
एक भारतीय वाचक