सॅक भरण्याचे शास्त्र

शाळकरी मुलाच्या दप्तराचे वजन त्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने बजावले. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला अशी मर्यादा नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच्या सॅकमध्ये पुस्तके नसतात, तो स्वतःच असतो. आधार, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ते चिकटवायला स्वतःचा डिंक. ‘हे सगळे मोबाइलमध्ये असताना कागद कशाला?’ असे अननुभवी लोक विचारतात. डिजिलॉकरमधील दाखले मूळ प्रतीच्या बरोबरीचे मानावेत, असा नियम २०१७ सालीच झाला, हे खरे. पण मोबाइलला पंच मारून तो फाइलला लावता येत नाही. म्हणून सुज्ञ विद्यार्थी डिजिलॉकरमधला दाखला छापतो, त्याची झेरॉक्स काढतो, तिच्यावर ‘स्वसाक्षांकित’ लिहून सही ठोकतो आणि मगच डिजिटल भारतात प्रवेश करतो.

डबा मात्र हवाच. ‘साहेब जेवायला गेलेत’ हा कालखंड रिकाम्या पोटी काढणे अशास्त्रीय आहे. पेने दोन ठेवावीत; एक खिडकीपलीकडे मागितले जाते आणि तिथेच राहते. यात शिक्षण कुठे आले, असा आक्षेप निघेल. उलट, संयम, वर्गीकरण आणि प्रशासन असे तीन विषय एकाच रांगेत शिकवणारा दुसरा अभ्यासक्रम दाखवा. त्याला निदान दोन श्रेयांक द्यावेत आणि ते विद्यार्थ्याच्या श्रेयांक पेढीत ऑनलाइन जमा करावेत. अर्जासोबत बोनाफाइड जोडणे बंधनकारक राहील. मूळ प्रत, दोन झेरॉक्ससह.